डाव्या खोलीची सुई

३ नोव्हेंबर १९५९, मंगळवार

आज पुन्हा "करतो" म्हणून बसलो. बकुळा म्हणते, तुमच्या जिभेला नाही म्हणायचं वळणच नाही, तेवढं सगळं नाकावरच्या रागात गेलंय. बायको आहे, तिला बोलायचा हक्क आहे. पण विचारणारा माणूस गुप्ते डॉक्टरांसारखा असला तर काय करणार.

ही वही औषधाच्या कंपनीनं डॉक्टरांना दिलेली, त्यांनी मला दिली. म्हणाले, तांबे, सुईचं रोज काय केलंस ते लिहीत जा. मी म्हटलं, रोज काय झालं तेही लिहीन. ते हसले. वाचणार थोडेच आहेत.

कागदावर मी इस्पितळातला हमाल. त्याआधी सहा वर्षं परळच्या रेल्वे वर्कशॉपात बदलीवर काढली, कानस आणि कथील हातात बसलं, पण इथं जागा हमालाची निघाली, ती घेतली. आता साऱ्या इस्पितळाच्या कात्र्या, चिमटे, सुया माझ्याकडे जिन्याखालच्या खोलीत येतात आणि रजिस्टरात मी ओझी वाहतो.

दुपारी डॉक्टर तिथं आले आणि खडूनं बाकावर हृदय काढलं. वर दोन खोल्या, उजवी आणि डावी, मध्ये भिंत. उजव्या खोलीत जांघेच्या शिरेतून कॅथेटरची नळी सरळ वर सरकवता येते. डावीकडे जायला या बाजूनं दार नाही. आणि आपल्या गिरणगावातल्या पोरींना लहानपणी सांधे धरणारा ताप येतो, तो पुढं त्या डाव्या खोलीचंच खालचं दार आखडून टाकतो. रक्त तुंबतं, जिना चढला की धाप लागते. दार किती आखडलंय हे डाव्या खोलीतला दाब मोजल्याशिवाय कळत नाही आणि ते कळल्याशिवाय सर्जन चाकू धरत नाही. आजवर बाईला पालथं झोपवून पाठीतून सुई घालतात. गेल्या महिन्यात एक बाई ओरडली ती मला जिन्याखाली ऐकू आली होती.

अमेरिकेत म्हणे नवी सुई निघाली आहे. दीड हात लांब, पोकळ, टोकाशी किंचित वाकलेली. ती कॅथेटरच्या आतून उजव्या खोलीत न्यायची, भिंतीवरची पातळ जागा शोधायची आणि टोचून पलीकडं जायचं. परदेशी चलन नाही म्हणून सरकार परवाना देत नाही. डॉक्टरांनी तिकडून येताना पोलादाच्या चार बारीक नळ्या ट्रंकेत घालून आणल्यात. चारच. त्यातून सुई करायची.

सरकारला मुंबई द्यायची नाही आणि सुईही द्यायची नाही. दोन्ही आपणच घेऊ, असं मी म्हणालो. कॅथेटरच्या खोलीच्या सिस्टर बेट्टी बाप्टिस्ट दारात उभ्या होत्या. गिरगावच्या वाडीतल्या, आवाज फौजदाराचा. त्यांनी एवढंच सांगितलं की सुई नीट झाली नाही तर त्या आत घेणार नाहीत. अजून नळीला हात लागला नाही, तोवर बाईंचा नकार तयार.

८ नोव्हेंबर, रविवार

लालबागच्या खाटकाकडून बकऱ्याचे तीन दिल आणले. काळीज मागितलं तर तो कलेजी बांधतो. घरी खिडकीत बसून एक उभा चिरला, मधली भिंत उजेडासमोर धरली. खरंच एका जागी अंगठ्याच्या नखाएवढा पातळ पडदा आहे. डॉक्टर म्हणतात, आईच्या पोटात असताना प्रत्येकाला तिथं वाट असते, पहिला श्वास घेतला की ती बुजते. म्हणजे माणूस बाहेर आल्यावर भिंत घालतो. हे मी बापाला, आबांना, वाचून दाखवलं. आबा म्हणाले, दीक्षा घेतलीस तेव्हा प्राणी मारणार नाही म्हणालास, आणि घरात हे काय. म्हटलं, मारलेलं मी नाही, मेलेल्याकडून शिकतोय. संध्याकाळी बकुळेनं त्या दिलांचं सुकं केलं, तेव्हा आबांनी दोनदा मागून घेतलं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली नळी गेली. टोकाशी वाकवायला गेलो आणि ती पोटात चेपली. तीन नळ्या उरल्या. डॉक्टरांनी उरलेल्या पुन्हा मोजल्या.

मग डोकं चाललं. गिरगावात सतारी दुरुस्त करणारा एकजण आहे. त्याच्याकडून वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी तारा आणल्या. नळीत बरोबर बसणारी तार घालून मगच वाकवायची, म्हणजे पोट आत जाणार नाही. तो विचारत होता, कुठला राग वाजवता. म्हटलं, माझा स्वतःचा.

जेवायच्या सुट्टीत सिस्टर आल्या, डब्यात डोकावल्या, हे काय म्हणाल्या आणि काल आणलेल्या नव्या दिलांच्या सुक्याचा चांगला मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला. वर म्हणाल्या, तिखट कमी आहे. माझ्या जेवणावरही ह्यांची देखरेख.

२५ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी सुई झाली. वाक नीट, टोक तिरकं, मुठीवर पितळेचा बाण. आत टोक कुठं वळलंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून बाण. बकऱ्याच्या दिलातून आठ वेळा पार केली.

सिस्टरनी तिचं टोक कापसावरून ओढलं. दोन तंतू अडकले. झालं, नापास. मी म्हटलं, सिस्टर, हृदयात कापूस नसतो. त्या म्हणाल्या, कापसाला जे लागतं ते हृदयालाही लागतं, आणि माझ्याच कानशीवर सुई ठेवून निघून गेल्या. धार परत परत घासताना टोकच तुटलं. हात दाखवून अवलक्षण. दोन नळ्या उरल्या.

६ डिसेंबर, रविवार

दादरला समुद्रावर गेलो. सगळी चाळ आली होती. सुईला हात लावला नाही.

७ जानेवारी १९६०, गुरुवार

आज आनंद आणि अपमान एकाच दिवशी. आधी आनंद लिहितो, नाहीतर राहून जाईल.

तिसरी सुई महिनाभर खपून केली. कापूस, रेशीम, सिस्टरच्या जुन्या मोज्याचं नायलॉन, सगळ्यावरून सरळ निघाली. आज शवागारात डॉक्टरांनी ती एका बेवारशी देहात जांघेतून वर नेली. मी बाणाकडं बघत होतो. डॉक्टर म्हणाले, इथं हाताला खळगा लागतोय, आणि थोडा जोर दिला. मग छाती उघडून पाहिलं तर टोक डाव्या खोलीत. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 

मग सुईचं भोक मोकळं आहे हे दाखवायला मी ती धुतली, एक टोक पाण्यात बुडवलं, दुसरं तोंडात धरून पाणी ओढलं आणि बशीत थुंकलं. रेल्वेत आम्ही बारीक नळ्या अशाच बघायचो. सिस्टरनी सगळ्यांसमोर सुई माझ्या हातातून घेतली, ट्रेमध्ये आपटली आणि म्हणाल्या, "तोंड नाय लावायचा. तोंड लावलेली सुई माझ्या खोलीत येनार नाय."

शिकाऊ डॉक्टर उभे होते, शवागाराचा मेहतर उभा होता. मी तिथून निघालो. थेट चालत नायगावला आलो.

८ जानेवारी, शुक्रवार

आबांना सांगितलं.  मग जे त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. गिरणीत साच्याखात्यात, म्हणजे मागांवर, मजुरी चांगली, काम मानाचं. पण तिथं धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो. एका पाळीचा विणकर गेला की दुसरा तोच धोटा तोंडाला लावतो. आमच्या माणसाच्या तोंडाचा धोटा मराठ्यानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून आमच्यातल्या कुणालाही साच्यावर उभं केलं नाही. कोंडीराम तांबे चाळीस वर्षं त्रासन खात्यातच, सूतकताईत, राहिले, हातात कसब असून.

म्हणजे बापाचं तोंड धोट्याला चाललं नाही, आणि पोराचं सुईला चालत नाही. धर्म बदलला, सरकार बदललं, तोंड तेच राहिलं.

१५ जानेवारी, शुक्रवार

सिस्टर स्वतः जिन्याखाली आल्या. बरोबर काचेची पिचकारी, ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली आणि लांब दांड्याचा ब्रश. म्हणाल्या, भोक बघायचं तर ह्यानं पाणी मार. मी कानस चालवत राहिलो. मग त्यांनी बरंच सांगितलं. थुंकी आत सुकली की नळीला चिकटते. उकळलं तरी आतला मळ जात नाही. जंतू मरतात, पण मेलेला जंतू रक्तात गेला तरी माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि आधीच दमलेलं हृदय त्यात जाऊ शकतं.

मेलेला जंतू ताप आणतो म्हणे. मग आमच्या चाळीतले सगळे मेलेले सावकारही आणत असतील. कारण काय, कुणालाही शोधून सापडतं. गिरणीतही कारण होतंच.

पिचकारी ठेवून घेतली. पण मी मनाशी ठरवलं आहे, इथं लिहून ठेवतो. सुई माझ्याकडं धारेला आली की परत देण्याआधी मी एकदा तोंड लावणार. एकदाच आणि मुद्दाम. कुणाला कळणार नाही. मला कळेल.

१ मार्च, मंगळवार

जिला ही सुई पहिली लागणार ती बाई आज दाखल झाली. शांता नाव, चोवीस वर्षांची. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. नवऱ्यानं पाठीवर घेऊन जिने उतरवले. ओठ निळसर, बसल्या जागी धाप. डॉक्टर म्हणतात, पाठीतून सुई घालायला ती पालथी झोपूच शकणार नाही, तिला आपलीच सुई.

नवऱ्याला बघितलं आणि ओळखलं. दत्ताराम. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा लालबागच्या एका बोळात आम्ही दोघं एकाच भिंतीला चिकटून पडलो होतो. माझ्या चपला कुठंतरी गेल्या होत्या, त्यानं आपली एक दिली. एक चप्पल घालून पळणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. आज त्यानंही ओळखलं. मालवणी माणूस, बोलायला कमी. काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, साच्याखात्यात विणकर.

मी काय करतो ते मी सांगितलं नाही.

२२ मार्च, मंगळवार

औषधांनी शांताबाईंच्या अंगात साठलेलं पाणी उतरतंय. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला सुई घालायची ठरली.

डॉक्टरांना विचारलं, नवऱ्याला काय सांगणार. म्हणाले, अमेरिकन पद्धतीची सुई आहे एवढं सांगू. मी म्हटलं, केली कुणी ते? ते म्हणाले, "तांबे, लोकांचा विश्वास बसायला हवा रे. तुझं कौतुक मला आहेच की." डॉक्टरांचं मन मोठं आहे, ते रोग्याचाच विचार करतात. दिवसभर मी स्वतःला हेच समजावलं, पण घशाखाली उतरेना.

२९ मार्च, मंगळवार

उतरलंच नाही. आज सरळ सांगितलं. सुई कुणी केली ते दत्तारामला सांगा. त्याला नको असेल तर त्यानं माझ्या तोंडावर नको म्हणावं. नाही सांगितलंत तर मी सुई देत नाही. डॉक्टर पांढरे पडले. म्हणाले, सुई इस्पितळाची आहे. म्हटलं, नळी इस्पितळाची, सुई माझी.

गंमत अशी की सिस्टर मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, सांगून टाका डॉक्टर, नवऱ्याला कळायलाच पाहिजे. मी ओळखून आहे. त्यानं नको म्हणावं म्हणून बाईंची घाई.

१ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. वऱ्हांड्यात, माझ्या आणि सिस्टरच्या समोर. डॉक्टर म्हणाले, सुई आमच्या दौलतनं केली आहे, दौलत तांबे. नायगावच्या चाळीचं नावही घेतलं, म्हणजे जे कळायचं ते कळावं.

दत्तारामनं माझ्याकडं बघितलं. मग सुई हातात मागितली. उजेडासमोर धरून टोकापासून मुठीपर्यंत बोटं फिरवली. विणकराची बोटं, सूत बघावं तशी. मग एकच विचारलं.

"ह्या सुयेक तुया तोंड लावूक नाय मां?"

तोंड लावलं नाहीस ना. बस्स.  मी हातातली फडकी आपटणारच होतो, इतक्यात तो हळू आवाजात पुढं बोलला. "माझो भाव खोकल्यान गेलो. एकच धोटो नि चार तोंडां. कोणाचो खोकलो कोणाक गेलो, काय कळाक नाय." मग म्हणाला, त्याच्या खात्यात वर्षाला दोन-तीन माणसं अशी जातात. तोंड लावू नका म्हणून तो मुकादमाशी भांडला, तर त्याला आठ दिवस बसवून ठेवलं. बायकोच्या हृदयात जाणाऱ्या वस्तूला कुणाचंही तोंड लागलेलं त्याला चालणार नव्हतं. कुणाचंही, म्हणाला. माझं असं म्हणाला नाही.

सिस्टर माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणालो, "नाही लावलं."

३ एप्रिल, रविवार

दोन दिवस जेवण गेलेलं नाही. बकुळेला वाटलं पोट बिघडलंय. शेवटी सांगितलं तिला. तिनं विचारलं, किती वेळा लावलंत? शेवटचं कधी? मी म्हटलं, गुरुवारी. डॉक्टर सांगायला कबूल झाले, तेव्हा धार लावून देताना. तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "सिस्टरनी जीव तोडून सांगितलं, तेव्हा तुम्हाला धोटा दिसला. आता त्याच्या तोंडून ऐकलंत तर खरं वाटलं. बाईचं बोलणं ते बोलणं नव्हे, असंच ना?"

मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, मग कसं? 

खरं तर कुणाचं खरं हेच मला अजून नीट कळत नाही. साच्यावर उभं केलं नाही तो अपमानच होता. त्यात कसली शंका नाही, कुणी काढूही नये. मग ही सुई? तिला माझं तोंड चालत नाही ते माझं म्हणून नाही, तोंड म्हणून. हे दोन्ही एका वेळी खरं कसं असतं? पण असावं. डोकं दुखतंय.

४ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला सिस्टरना गाठलं. सांगून टाकलं. वाटलं ओरडतील. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला संशय होता, म्हणून दर वेळी दोन तास पाणी मारत बसत होते. पण गुरुवारची सुई माझ्या सुट्टीत आली, तिची खात्री मी देणार नाही.

डॉक्टरांकडं गेलो. त्यांचे डोळे अंधाराला सरावावेत म्हणून लाल चष्मा लावून ते अर्ध्या तासापासून बसले होते. सगळं ऐकलं. म्हणाले, पुन्हा उकळून घ्या सिस्टर. आज तारीख आहे, क्ष-किरणांचं यंत्र मिळालंय, बाहेरचे दोन सर्जन बघायला आलेत. शंभरात एखाद्याला हुडहुडी भरते. तेवढं चालतं.

सिस्टर म्हणाल्या, "माझ्या सहीवर नाय." डॉक्टर म्हणाले, सही मी करीन.

मी सुई उचलली. डॉक्टरांना वाटलं उकळायला नेतोय. मी जिन्याखाली गेलो, ती पकडीत आवळली आणि दोन्ही हातांनी जोर देऊन मोडली. महिनाभर जिच्यावर खपलो ती. परत येऊन दोन तुकडे ट्रेमध्ये ठेवले.

डॉक्टर असे बोलले की इथं लिहीत नाही. उद्यापासून वॉर्डात स्ट्रेचर ओढ म्हणाले. मी म्हटलं, ओढीन, पण आधी चौथी नळी द्या. बाहेरचे सर्जन घड्याळ बघत होते. सिस्टरनी कपाटाची किल्ली काढली आणि नळी माझ्या हातात दिली, डॉक्टरांना न विचारता.

मग दत्तारामकडं गेलो. ज्याला खोटं सांगितलं त्याला खरं सांगायला जिना चढलो. सांगितलं.  त्यानं विचारलं, नवी कधी होतली? म्हटलं, आठ दिवसांत. म्हणाला, "मी येऊन बसतंय. बघतंय मी."

७ एप्रिल, गुरुवार

दिवसा स्ट्रेचर, संध्याकाळी सुई. दत्ताराम पाळी संपली की येतो आणि माझ्या बाकाजवळ बसतो. पहिल्या दिवशी पहारा करत होता. दुसऱ्या दिवशी नळीचं दुसरं टोक धरायला लागला. वाक देताना चार हात लागतात हे मला आधी सुचलंच नव्हतं. त्याच्या बोटांना ताण अचूक कळतो. आतली तार कुठं अडते ते तो माझ्याआधी सांगतो.

आज काम करता करता म्हणाला, तुझ्या बापाला साच्यावर घेतला नाही, एका परीनं बरंच झालं. छाती वाचली.

मी कानस खाली ठेवली. म्हटलं, "दत्ताराम, ते तू म्हणायचं नाहीस. मला म्हणावंसं वाटलं तर मी म्हणेन. माझ्या बापाला खोकला चुकवायला बाहेर ठेवलं नव्हतं."

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, खरा हा. आणि नळीचं टोक पुन्हा धरलं. पुढचं काम चांगलं झालं.

भोक बघायला पिचकारी वापरतो. थेंब टोकातून एकेक पडतो आणि आम्ही दोघं मोजतो.

११ एप्रिल, सोमवार

सिस्टर म्हणाल्या, सुई करणारा आत हवा, बाण सैल झाला तर कोण बघणार? डॉक्टरांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. आठ दिवस ते माझ्याशी बोललेले नाहीत. मला हिरवा झगा दिला, तोंडावर फडकं बांधलं. बांधून घेताना जुना राग एकदा उसळलाच. मग बघितलं तर डॉक्टरांच्या तोंडावर फडकं, सर्जनांच्या तोंडावर फडकं, सिस्टरच्याही. सगळ्यांचे नुसते डोळे.

अंधार केला. पडद्यावर हिरवट उजेडात शांताबाईंचं हृदय हलत होतं. त्या जाग्या होत्या. सिस्टर त्यांच्याशी सारखं बोलत होत्या, पोरगी होईल तेव्हा बारशाला बोलव, असं काहीबाही. कॅथेटर वर गेली. मग माझी सुई तिच्या आतून. मी बाण वाचून सांगत होतो, किंचित डावीकडं, किंचित मागं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

डॉक्टर थांबले. म्हणाले, खळगा. आणि ढकललं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग दाबाच्या नळीतलं पाणी चढायला लागलं, चढतच गेलं. डॉक्टरांनी पिचकारीत रक्त ओढलं. लालभडक. डाव्या खोलीचं. "आलो," म्हणाले. नुसतं तेवढंच. शांताबाईंनी विचारलं, झालं? सिस्टर म्हणाल्या, भिंत ओलांडली बाय, आता नीज.

दाब फार होता. म्हणजे दार फार आखडलंय, ऑपरेशन करायलाच हवं आणि करता येईल. सर्जननी तिथंच तारीख दिली.

पण मला त्या दाबाचं काही नव्हतं. हुडहुडी भरायची तर तासाभरात भरते. मी, दत्ताराम आणि सिस्टर खाटेशी उभे होतो. दर पंधरा मिनिटांनी पारा बघत होतो. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पुन्हा तेच. चार तास तेच. दत्तारामनं चहा आणला तीन कप. शांताबाईंनी डोळे उघडून विचारलं, "सुई केली ते कोण?" दत्तारामनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "ह्यो. आणि थोडी मी."

मला रडू आलं. लिहून ठेवतो, लाजायचं कशाला.

१३ एप्रिल, बुधवार

उद्या जयंती, चाळीत पताका लावून आलो. लालबागला वेगळ्याच पताका लागल्यात. पहिल्या मेला राज्य मिळणार, मुंबईसकट.

डॉक्टरांनी बोलावलं. राग गेला होता. म्हणाले, हे सगळं मी मोठ्या मासिकात लिहून पाठवणार आहे, आणि कॅथेटरच्या खोलीच्या रजिस्टरात नोंदही करायची आहे. तुझं नाव दोन्हीकडं घालतो, हमाल असलास तरी. मग जरा थांबून म्हणाले, फक्त ते तोंडाचं आणि तिसऱ्या सुईचं राहू दे. वाईट दिसतं. इस्पितळाला वाईट, तुलाही वाईट.

गेल्या नोव्हेंबरात कुणी असं म्हटलं असतं तर मी पाया पडलो असतो. छापील नाव, तांब्यांच्या सात पिढ्यांत पहिलं. आणि झाकायचं काय, तर एक चूक. माझीच.

मी म्हटलं, डॉक्टर, मग पुढं जो कोणी सुई करायला बसेल तो तोंड लावेल. त्याला कोण सांगणार? सिस्टर सांगतील, आणि तो माझ्यासारखाच समजेल की ही बाई मला हिणवतेय. नाव घालायचं तर चुकीसकट घाला, नाहीतर दोन्ही गाळा. डॉक्टर म्हणाले, मासिकात असलं काही छापत नाहीत. म्हटलं, मासिक तुमचं, रजिस्टर इथलं.

सिस्टरनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं आणि आपलं पेन काढून दिलं. सगळं रजिस्टर इंग्रजीत आहे. मी मराठीत लिहिलं. डॉक्टर बघत होते, त्यांनी अडवलं नाही. जे लिहिलं ते इथं उतरवून ठेवतो.

"सुई क्रमांक ४. करणार दौलत कोंडीराम तांबे, हमाल. धरणार दत्ताराम, विणकर. डाव्या खोलीत पोचली. सुई क्रमांक ३ यापेक्षा चांगली होती, ती मी तोंड लावून खराब केली आणि मोडली. या सुईला कोणीही तोंड लावायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही."